ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर किती तापू द्यायचा?

ओव्हरक्लॉक करणं म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. ‘प्रोसेसर साठ अंशांच्या वर जाऊ देऊ नका’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो खोटा नव्हता, पण आता जुना झालाय. एएमडीच्या फिनम टू एक्स४ ९५५ची कमाल मर्यादा ६२ अंश सेल्सिअस होती आणि एफएक्स-८३५०ची ६१. तेव्हा साठ म्हणजे खरोखरच काठ होता. आज ९५ अंशांवर चालत राहावा अशाच हिशेबाने बनवलेले प्रोसेसर बाजारात आहेत. त्यामुळे ‘सुरक्षित तापमान किती?’ याला एकच आकडा सांगून भागत नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात. तुमच्या चिपची मर्यादा किती आहे? सगळ्यांत जड काम चालू असताना आणि खोली तापलेली असताना तुम्ही त्या मर्यादेच्या किती खाली राहता? आणि त्या वेगासाठी व्होल्टेज किती दिलंय? यातला तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि चिप खराब होते ती बहुतेकदा त्यापायीच.

आपल्या चिपची मर्यादा

इंटेल या मर्यादेला टीजे-मॅक्स म्हणतं. हे कोअरच्या (चिपमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाच्या) आतलं तापमान असतं, वरच्या धातूच्या झाकणाचं नव्हे. कोअर आय७-१२७००के, आय९-१३९००के, आय९-१४९००के या सगळ्यांची मर्यादा १०० अंश आहे. कोअर अल्ट्रा ९ २८५केची १०५. एएमडीकडे चिपगणिक फरक आहे: रायझन ५ ५६००एक्सला ९५, रायझन ७ ५८००एक्स आणि त्याच पिढीतल्या ५९००एक्स, ५९५०एक्सना ९०, रायझन ७०००मधल्या ७७००एक्स आणि ७९५०एक्सना ९५. एक्स३डी चिपवर जास्तीची कॅश (चिपमधली झटपट मेमरी) बसवलेली असते. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डीमध्ये ती कोअरच्या वर असल्यामुळे उष्णता अडते. त्यांच्या मर्यादा अनुक्रमे ९० आणि ८९ आहेत. ९८००एक्स३डीमध्ये ती कॅश कोअरच्या खाली नेली आणि मर्यादा परत ९५ झाली. बाकी कुठल्याही चिपचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर असतो. अंदाजाने काम करू नका.

मर्यादा गाठली की चिप जळत नाही. ती स्वतःच वेग आणि व्होल्टेज खाली आणते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्याहूनही तापली तर मशीन थेट बंद होतं. म्हणजे क्षणभर ९८ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ओव्हरक्लॉक करून थ्रॉटल होत असेल तर सगळा खटाटोप फुकट गेला: वीज जास्त, आवाज जास्त आणि वेग होता तेवढाच.

स्वतः व्होल्टेज ठरवून ओव्हरक्लॉक करणार असाल तर हे आकडे धरा. १०० अंश मर्यादेच्या इंटेल चिपवर सर्वांत जड स्ट्रेस टेस्टमध्ये (मुद्दाम पूर्ण भार देणाऱ्या चाचणीत) ९०, रेंडरिंग किंवा कंपायलिंगसारख्या खऱ्या कामात ८०-८५ आणि गेममध्ये ६० ते ७५. ९० मर्यादेच्या रायझनवर स्ट्रेस टेस्टमध्ये ८०-८२च्या वर जाऊ नका. ९५ मर्यादेच्या रायझनवर ८५-८८. हा नियम नाही, पदरी असावी अशी शिल्लक आहे. कूलरवर धूळ बसणार, चिप आणि कूलरमधली पेस्ट वाळणार, खोली तापणार. हे सगळं या दहा अंशांतच सामावून घ्यायचंय.

मोजायचं कसं

तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅमवर बघा. सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा आणि नोंदीचा कालावधी २००० मिलिसेकंदांवरून १०००वर आणा. एका वेळी एकच मॉनिटरिंग प्रोग्रॅम चालू ठेवा. मदरबोर्डसोबत आलेला आणि हा असे दोन्ही एकदम सेन्सर वाचू लागले की मधूनच अचाट आकडे दिसतात. पंखा शून्य, तापमान २५५ असे.

इंटेलवर ‘सीपीयू पॅकेज’ आणि प्रत्येक कोअरचा आकडा बघा. ‘डिस्टन्स टू टीजे-मॅक्स’ ही ओळ तर फारच कामाची, कारण मर्यादेपर्यंत किती अंश उरले ते ती सरळ सांगते. शेजारी थर्मल थ्रॉटलिंगची ओळ असते. ‘होय’ असं एकदा जरी आलं तरी चाचणी नापास. रायझनवर ‘टीसीटीएल/टीडाय’ ही ओळ धरा. पहिल्या पिढीतल्या १७००एक्स आणि १८००एक्सवर टीसीटीएल हा आकडा मुद्दाम २० अंशांनी वाढवून दाखवला जायचा, २७००एक्सवर १० अंशांनी. जुनी चिप असेल तर टीडाय वेगळं दिसतंय का ते तपासा. मदरबोर्डवरचा सॉकेटजवळचा सेन्सर नुसता ‘सीपीयू’ नावाने दिसतो. तो बराच थंड असतो, त्यावर विसंबू नका.

व्होल्टेजमध्येही अशीच गफलत होते. व्हीआयडी म्हणजे चिपने मागितलेलं व्होल्टेज. प्रत्यक्ष मिळालेलं ते व्हीकोर. रायझनवर एसव्हीआय२ किंवा एसव्हीआय३ असं लिहिलेली ओळ जास्त भरवशाची.

खोलीचं तापमान लिहून ठेवायला साधा थर्मामीटर लागतोच. कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि खोली जेवढी तापते जवळपास तेवढीच चिपही तापते. समजा खोली २६ अंशांवर आहे आणि चिप ८२वर गेली. फरक ५६. खोली ३६ झाली की तीच चिप, तेच सेटिंग, ९२ दाखवेल. म्हणून दुसऱ्याच्या मशीनचं तापमान वाचताना खोलीचा आकडा दिलेला नसेल तर तुलना करण्यात अर्थ नाही.

रिकाम्या मशीनच्या तापमानात मात्र फार जीव अडकवू नका. रायझन नुसत्या माउसच्या हालचालीने ३८वरून ५२वर उडी मारतो आणि लगेच परत येतो. एकच कोअर क्षणभर कमाल वेगाला जातो, त्याचा हा परिणाम. त्यात बिघाड काही नाही.

सुरुवात मूळ सेटिंगवर

बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, आधी अद्ययावत करा. ही औपचारिकता नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीत जास्त व्होल्टेज मागितलं गेल्यामुळे चिप कायमच्या अस्थिर होत होत्या. ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. एएमडीकडे २०२३मध्ये एएम५ सॉकेटवरचे ७८००एक्स३डी जळाल्यावर एसओसी व्होल्टेजला (मेमरी-नियंत्रकासारख्या भागांच्या व्होल्टेजला) १.३० व्होल्टची वेस घातली गेली. जुन्या बायोसवर ओव्हरक्लॉक करणं म्हणजे ही दोन्ही संरक्षणं काढून टाकून सुरुवात करणं.

मग बायोसमध्ये ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ करा. एवढ्याने सगळं मूळ होत नाही. बरेच मदरबोर्ड ‘मल्टिकोअर एनहान्समेंट’ किंवा तत्सम नावाने वीज-मर्यादा आपोआप उठवतात. ते बंद करा. १३९००केची वीज-मर्यादा २५३ वॅट आहे. बोर्डाने तिथे ४०९५ असा आकडा भरून ठेवला असेल तर त्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’.

आता झाकण लावून, मशीन रोज जिथे असतं तिथेच ठेवून चाचणी घ्या. दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा, नोंद करा. मग सिनेबेंच आर२३ या चाचणी-प्रोग्रॅमची दहा मिनिटांची मल्टिकोअर फेरी. मग प्राइम९५ या स्ट्रेस टेस्टचा ‘स्मॉल एफएफटी’, पंधरा मिनिटं. एव्हीएक्स (प्रोसेसरच्या जड गणिताच्या खास सूचना) चालू असताना प्राइम९५ जे तापमान दाखवतं ते रोजच्या कुठल्याही कामात येत नाही. एव्हीएक्स बंद करून दुसरी फेरी घेतली की वास्तवाच्या जवळचा आकडा मिळतो. दोन्ही लिहून ठेवा. मूळ सेटिंगवरच सिनेबेंचमध्ये ९०च्या पुढे जात असाल तर ओव्हरक्लॉकिंग तूर्त बाजूला ठेवून कूलरकडे वळा.

व्होल्टेजचा हिशेब

उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. उदाहरण घ्या. चिप १.२० व्होल्टवर १५० वॅट खाते आणि खोलीपेक्षा ५० अंश वर राहते. वेग ५ टक्के वाढवण्यासाठी १.३० व्होल्ट द्यावे लागले. १.३० भागिले १.२०, त्याचा वर्ग १.१७, गुणिले १.०५, म्हणजे सुमारे १.२३. पाच टक्के वेगासाठी तेवीस टक्के जास्त उष्णता. १५०चे १८५ वॅट झाले आणि ५० अंशांचा फरक जवळपास ६२वर गेला. वर लीकेज करंट, म्हणजे चिपमध्ये गळून वाया जाणारा करंट, आहेच. चिप तापली की तो वाढतो, तो वाढला की चिप आणखी तापते. त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा ६२च्या थोडा पुढेच निघतो.

तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी सहसा जास्त व्होल्टेजही लागतं. ७० अंशांवर चोख चालणारं सेटिंग ९०वर चुका करू लागतं ते यामुळे. आणि दीर्घकाळाचं नुकसान, म्हणजे इलेक्ट्रोमायग्रेशन, हे करंट आणि तापमान दोन्ही वाढले की जोर धरतं. चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात. म्हणून ७० अंशांवर १.४५ व्होल्टने चालणारी चिप ८८ अंशांवर १.२५ने चालणाऱ्या चिपपेक्षा सुरक्षित आहे असं समजू नका. उलट, आम्ही दुसरी पसंत करू.

रोजच्या वापरासाठी, सगळ्या कोअरवर भार असताना: रायझन ५०००वर कायम ठेवलेलं व्होल्टेज १.२५च्या आसपास, फार तर १.३०. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीवर भाराखाली १.३०, फार तर १.३५. रायझन मूळ सेटिंगवर हलक्या कामात १.४ ते १.५ व्होल्ट दाखवतो. तेव्हा करंट अगदी कमी असतो, म्हणून ते चालतं. तो आकडा बघून ‘कंपनीच एवढं देते’ म्हणत सगळ्या कोअरवर १.४५ कायम करणं ही चिप मारायची हमखास रीत आहे. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडून फक्त मल्टिप्लायर (बेस क्लॉकला गुणून वेग ठरवणारा आकडा) वाढवणंही तसंच. बोर्ड आपली सोय बघून सढळ हाताने व्होल्टेज देतो.

पायरी पायरीने वर

पंख्यांचा वेग चाचणीपुरता एका ठरावीक टक्क्यावर बांधा, नाहीतर प्रत्येक फेरीचं तापमान वेगळ्या परिस्थितीतलं येईल. मेमरीचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) बंद ठेवा. मशीन कोसळलं तर दोष प्रोसेसरचा की रॅमचा हा घोळ नको.

मूळ सेटिंगवर भाराखाली जे व्हीकोर दिसलं तेवढंच कायम ठेवा आणि मल्टिप्लायर एकाने वाढवा. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असल्यामुळे एक पायरी म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. सिनेबेंचची दहा मिनिटं पार पडली की आणखी एक. मशीन अडकलं, निळा पडदा आला किंवा गुण मागच्या फेरीपेक्षा कमी आले की थांबा. तापमान ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ने वाढवून तोच वेग पुन्हा तपासा. एका १०० मेगाहर्ट्झसाठी ०.०५ व्होल्टहून जास्त लागायला लागलं की चिपची मर्यादा आली. त्यापुढे फक्त उष्णता मिळते.

प्रत्येक फेरीला पाच आकडे लिहा: वेग, भाराखालचं व्हीकोर, पॅकेजचे वॅट, कमाल तापमान, खोलीचं तापमान. सहा-सात ओळी झाल्या की कुठल्या पायरीनंतर वॅट एकदम उसळले ते नजरेला दिसतं. थांबायची जागा त्याच्या एक पायरी आधीची.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखालची व्होल्टेजची घसरण भरून काढणारं सेटिंग) मधल्या पातळीवर असू द्या. भार आला की व्होल्टेज थोडं खाली येतं, ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. सर्वांत कडक पातळीवर ही घसरण जाते खरी, पण भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसत नाही. पातळ्यांचे क्रमांकही कंपनीगणिक उलटसुलट असतात. एकीकडे ८ सर्वांत कडक, तर दुसरीकडे १. बोर्डाचं माहितीपत्रक बघूनच हात लावा.

रायझन ५००० आणि त्यापुढच्या चिपवर ही सगळी कसरत न करता पीबीओ (एएमडीची आपोआप वेग वाढवणारी सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (त्यातलं व्होल्टेज उतरवणारं सेटिंग) वापरणं बहुतेकदा शहाणपणाचं. सगळ्या कोअरचा वेग हाताने बांधला की एका कोअरचा कमाल बूस्ट जातो आणि गेम उलट मंदावू शकतात. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे १० द्या, मग उणे १५, उणे २०. एक एकक साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. व्होल्टेज उतरतं, तापमान उतरतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत चिप स्वतःच वेग वाढवते. पीबीओमध्येच तापमानाची मर्यादाही घालता येते. ९५ऐवजी ८५ लिहिलं तर वेगात पडणारा फरक फारच थोडा असतो. इथे मशीन पडतं ते भाराखाली नव्हे, तर रिकामं असताना किंवा हलक्या कामात. म्हणून कोअरसायक्लर या प्रोग्रॅमने एकेक कोअर रात्रभर तपासावा लागतो.

आलेख काय सांगतो

तापमान जास्त आलं की लोक थेट मोठा कूलर शोधायला लागतात. आधी आलेखाचा आकार बघा, दुखणं कुठे आहे ते तिथेच कळतं.

भार सुरू होताच दोन सेकंदांत ४०वरून ९५, आणि थांबवताच तितक्याच झटक्यात ५०: उष्णता चिपमधून कूलरपर्यंत पोचतच नाहीये. अशा वेळी कूलरच्या पंखांना हात लावला तर ते कोमटही नसतात. पेस्ट कमी पडली आहे, स्क्रू एका बाजूने ढिले आहेत, नाहीतर तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलंय. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, ते आश्चर्य वाटेल इतक्या वेळा होतं. कोअर-कोअरमधला फरक इथे उपयोगी पडतो. एकाच भाराखाली पाच-सात अंश फरक नेहमीचा. सारख्या जातीच्या कोअरमध्ये पंधरा-वीस अंश पडत असतील तर कूलर तिरका बसलाय.

सुरुवातीला ७२, मग वीस मिनिटांत हळूहळू ८८: संपर्क ठीक आहे, पण केसमधली हवा बदलत नाही. खात्री करायला बाजूचं झाकण काढून तीच चाचणी घ्या. पाच अंशांहून जास्त उतरलं तर पैसे कूलरवर नको, केसच्या पंख्यांवर घाला. पुढून दोन आत, मागून एक बाहेर, एवढ्याने बहुतेक केसचं भागतं. पंख्याची हवा त्याच्या चौकटीच्या दांड्या असलेल्या बाजूने बाहेर पडते. उलटा बसवलेला पंखा इथेच पकडला जातो.

एआयओ (तयार, बंदिस्त) वॉटर कूलरवर असा हळू चढ थोडा होणारच, कारण आतल्या द्रवाला तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणूनच एआयओवर पाच मिनिटांची चाचणी फसवी असते. पंपाचे फेरे एचडब्ल्यूइन्फोत दिसतात का ते बघा. एक नळी गरम आणि दुसरी थंडगार, वर चिप थेट मर्यादेला, असं असेल तर पंप बंद आहे किंवा प्रवाह अडलाय. पंपाचं डोकं संपूर्ण चक्रातला सर्वांत उंच बिंदू नसावं. हवेचे बुडबुडे वर जातात आणि पंपातच अडकतात.

तापमान ७५ आहे, थ्रॉटलिंगची नोंद नाही, तरीही वेग दहा मिनिटांनी कोसळतो? बोर्डावरच्या व्हीआरएमकडे (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांकडे) बघा. सॉकेटभोवतीचे हे भाग प्रोसेसरहून जास्त तापमान सोसतात, पण ते १००च्या खाली असलेले बरे. एआयओ लावलं की सॉकेटभोवती हवाच फिरत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पेस्ट आणि स्क्रू

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटच्या चिपसारख्या लांबट झाकणावर एक लांब रेघ किंवा फुली. स्क्रू तिरपे-तिरपे, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत आवळा. कूलर पुन्हा उचलला की पेस्टही पुन्हा नवी. रायझनच्या एएम४ चिप पिनांच्या असतात. थंड असताना कूलर सरळ ओढला तर चिप सॉकेटमधून उपटून येते, म्हणून आधी दहा मिनिटं भार द्या, मशीन बंद करून प्लग काढा आणि कूलर हलका पिळत सोडवा.

लिक्विड मेटलमुळे काही अंश मिळतात, पण त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खाऊन टाकतं आणि ते वीजवाहक असतं. झाकणाच्या वर लावून होणारा फायदा या जोखमीच्या तोलाचा नाही.

शेवटची चाचणी

ठरवलेल्या सेटिंगवर एक्सएमपी परत चालू करा, पंख्यांची बांधणी सोडा. पंख्याचा आलेख ५० अंशांपर्यंत शांत, ८०ला पूर्ण. प्रतिसादाला दोन-तीन सेकंदांचा उशीर ठेवला की रायझनच्या उड्यांबरोबर पंखा किंचाळत नाही. मग ओसीसीटी किंवा प्राइम९५ किमान दोन तास, आणि वाय-क्रंचर एक तास. त्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी शोधा. मशीन एकदाही अडकलं नसेल आणि तरी तिथे क्रमांक १९ची नोंद असेल, तर चिप चुका करून त्या दुरुस्त करत पुढे चाललीय. व्होल्टेज ०.०१ वाढवा किंवा, आमच्या मते बरं, १०० मेगाहर्ट्झ सोडून द्या.

बायोसमध्ये तापमानाची मर्यादा आपल्या आकड्याच्या दोन-तीन अंश वर बांधून ठेवा. पुढे पंखा अडकला तर तीच वेग खाली आणेल. आणि ही चाचणी थंडीत घेतली असेल तर लिहून ठेवलेल्या तापमानात उन्हाळ्याचा फरक आताच मिळवून बघा. बेरीज मर्यादेला टेकत असेल तर मल्टिप्लायर आजच एकाने उतरवा.